प्रार्थना मनातल्या मनात करावी

नोव्हेंबर आला की आमच्या मंडळात म्हाताऱ्यांना भाव येतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी ‘संस्थापक कृतज्ञता दिन’ असतो. शिकागोच्या पश्चिमेला, या भागात जी पहिली सात मराठी कुटुंबं आली, त्यांतली जी अजून हयात आहेत त्यांना स्टेजवर ओळीनं बसवतात, शाल-श्रीफळ देतात आणि एकेकाला बोलायला सांगतात. सुरू करून देणं सोपं असतं, थांबवणं महाकठीण. आपण एका सूटकेसनिशी या देशात कसे उतरलो हे प्रत्येक जण सांगतो. माझ्या नवऱ्याची सूटकेस तर दरवर्षी लहान होत चालली आहे. ती मी स्वतः भरली होती म्हणून सांगते, ती एक नव्हती, तीन होत्या, आणि त्यांतल्या एकीत नुसती भाजणी, मेतकूट आणि सासूबाईंनी दिलेला लोखंडी खलबत्ता होता.

आम्ही नेपरव्हिलला राहतो. मी पॅथॉलॉजिस्ट होते. जन्मभर माणसांचे तुकडे काचेवर ठेवून बघितले, त्यामुळे निवृत्त झाले तरी निदान करायची खोड जात नाही. नवरा इंजिनियर, आणि आता मंडळाचा अध्यक्ष. घरात त्याला कुणी विचारत नाही म्हणून तो अध्यक्ष झाला, हे माझं निदान.

नातू दुसरीत होता तेव्हा शाळेच्या थँक्सगिव्हिंगच्या नाटकात पिलग्रिम, म्हणजे चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून इथे आलेला वसाहतकरी, झाला होता. पुठ्ठ्याची काळी टोपी, तिला सोनेरी कागदाचं बक्कल. घरी येऊन म्हणाला, “आजी, यू अँड आजोबा आर लाइक द पिलग्रिम्स, राइट?” आजोबांची छाती दोन इंच फुगली. मी म्हटलं, “अगदी बरोबर, राजा. ती मंडळी आपल्या देवाची आपल्या पद्धतीनं प्रार्थना करता यावी म्हणून समुद्र ओलांडून आली. पहिला हिवाळा कसाबसा निघाला. इथल्या माणसांनी त्यांना मका पेरायला शिकवलं. मग बस्तान बसलं, आणि त्यांच्या मागून आलेल्या त्यांच्याच भाऊबंदांनी वेगळी प्रार्थना करणाऱ्यांना गावाबाहेर हाकलून दिलं. आणि मका शिकवणाऱ्यांचं काय झालं ते दुसरीच्या पुस्तकात नसतं.” लेक स्वयंपाकघरातून ओरडली, “आई, ही इज सेव्हन!” पण खोटं काय बोलले होते?

आमचा पहिला हिवाळाही आम्ही असाच काढला, फक्त तो भाद्रपदात आला. गणपती बसवायचा तर कुणाच्या घरात पन्नास माणसं मावेनात, आणि भाड्याचा हॉल आम्हांला मिळेना. कुठे उदबत्तीला ना, कुठे आम्हांलाच ना. शेवटी माझ्या हॉस्पिटलच्या वाटेवर एक छोटंसं पांढरं चर्च होतं, तिथे मी सरळ जाऊन विचारलं. ऑफिसात एक बाई टाइप करत बसली होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी धर्म, मूर्ती, विसर्जन असं सगळं घाईघाईनं समजावून सांगितलं. तिनं एकच विचारलं, “खुर्च्या किती लागतील?” आणि तळघराची किल्ली काढून दिली.

अकरा वर्षं आमचा गणपती त्या तळघरात बसला. भिंतीवर मोठा लाकडी क्रूस होता. पहिल्या वर्षी आम्ही बायका आरतीचं ताट घेऊन त्या क्रूसासमोर उभ्या, की आता हा झाकायचा कसा आणि विचारायचं कुणी. तेवढ्यात तीच बाई जिन्यावरून चादर घेऊन उतरली. म्हणाली, “एवढी पुरेल, की पिनापण आणू?” दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी धुपानं फायर अलार्म वाजला आणि बंब आला. ही बाहेर जाऊन जवानांना म्हणाली, “काही पेटलं नाही, प्रार्थना चाललीय.” त्यांनी मोदक खाल्ले आणि गेले. एक जण तर आणखी दोन खिशात घालून गेला.

पुढे आमचे चांगले दिवस आले. जमीन घेतली, मंदिर आणि हॉल बांधायचं ठरलं, तर आजूबाजूच्या रहिवाशांनी हरकत घेतली. ट्रॅफिक होईल, घंटा वाजतील, वगैरे वगैरे. सुनावणीला नवऱ्यानं धर्मस्वातंत्र्यावर पंधरा मिनिटांचं भाषण ठोकलं. पुढच्या रांगेत ती चर्चची बाई आपली वीस-पंचवीस माणसं घेऊन बसली होती, कुणीही बोलावलेलं नसताना. तिची पाळी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “हे लोक अकरा वर्षं माझ्या पायांखाली प्रार्थना करत होते. त्याचा त्रास एकच झाला, आम्हांला वर भूक लागायची.” लोक हसले आणि हवा बदलली. परवानगी मिळाली. नवऱ्याचं भाषण लॅमिनेट करून ऑफिसच्या भिंतीवर लावलं आहे. तिचं वाक्य कुणी लिहून ठेवलं नाही.

तर या बाईचा मला मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी फोन आला. आता ती सत्त्याऐंशी वर्षांची. तिचं चर्च निम्म्याहून जास्त रिकामं झालेलं, उरलेली चाळीसेक माणसं सत्तरीच्या पुढची. बॉयलर कायमचा बंद पडला होता आणि इमारतीत हिवाळ्यात बसणं शक्य नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या दुपारी त्यांच्याकडे एकट्या राहणाऱ्यांचं जेवण असतं, साठ वर्षं एकदाही चुकलेलं नाही. “तुमचा हॉल त्या दिवशी रिकामा असतो का?” असं तिनं भीत भीत विचारलं.

मी म्हटलं, “अगं, हे काय विचारणं झालं? तुझाच आहे तो.”

झालं. चूक माझीच. चाळीस वर्षं मंडळात काढून मी विसरले, की आमच्याकडे देवालाही कमिटीला विचारल्याशिवाय हार घालता येत नाही.

रविवारी महाप्रसादानंतर कमिटी बसली, त्याच लॅमिनेट केलेल्या भाषणाखाली. मी विषय मांडला. आधी सगळे एका सुरात “वा, किती छान, काकू” म्हणाले. आमच्यात नाही म्हणायची हीच पद्धत आहे. मग एक डॉक्टर, जे इन्शुरन्सचं बघतात, त्यांनी घसा खाकरला. “वहिनी, भावना शंभर टक्के मान्य. पण थँक्सगिव्हिंगची टर्की? आपल्या किचनमध्ये?”

आता हे डॉक्टर दर थँक्सगिव्हिंगला स्वतःच्या ड्राइव्हवेवर भलं मोठं पातेलं मांडून, वेल्डरसारखे हातमोजे घालून, कोल्हापुरी मसाला चोपडलेली अख्खी टर्की तळतात. आम्ही सगळ्यांनी ती खाल्लेली आहे. मी तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, “घरचं वेगळं वहिनी, देवाच्या किचनचं वेगळं.” हे मात्र मला पटलं. मंदिराचं स्वयंपाकघर शाकाहारी आहे आणि ते तसंच राहावं, असं मलाही वाटतं. मी बाईला फोन केला. ती म्हणाली, “टर्की नको. आमच्यातल्या निम्म्यांना ती चाववत पण नाही. बटाटे, बीन्स आणि भोपळ्याचा पाय करू.” पाय म्हणजे त्यांच्याकडचा ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ.

पुढच्या रविवारी किचन सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, “काकू, पायमध्ये अंडं असतं हो.”

पुन्हा फोन. मग ती म्हणाली, “मी हा पाय आईकडून शिकले तेव्हा नऊ वर्षांची होते. अंड्याशिवाय कधी केला नाही. कसा करतात, तुला येतो?” मला कुठला यायला? मी आमच्याच किचनवाल्या बाईंना विचारलं, त्यांनी कॉर्नस्टार्चचं प्रमाण दिलं, वर “नक्की जमेल त्यांना” असा आशीर्वादही दिला. म्हातारीनं दोन पाय फुकट घालवले, तिसरा जमला. तो जमल्याचं सांगताना ती पोरीसारखी खूश होती आणि माझे कान गरम झाले होते.

तिसऱ्या रविवारी मला वाटलं, आता काय राहिलं? बूट बाहेर काढायचे, ते त्यांनी कबूल केलं. वाइन नाही, कबूल. चारच्या आत हॉल रिकामा, कबूल. तेव्हा एक तरुण सभासद बोलायला उठला. आयटीमधला, पाच वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला, अतिशय नम्र. इतका नम्र माणूस दिसला की मी आधी पर्स सांभाळते.

“काकू, एक छोटंसं क्लॅरिफिकेशन हवं होतं. ते जेवायच्या आधी प्रार्थना म्हणणार का?”

“म्हणजे काय? थँक्सगिव्हिंग आहे. थँक्स कुणाला देणार, मायक्रोवेव्हला?”

“नाही, मला त्यांच्याबद्दल रिस्पेक्टच आहे. पण आपल्या वास्तूत दुसऱ्या देवाचं नाव मोठ्यानं घेतलं जाणं, हा एक प्रिसिडंट सेट होतो, पायंडा पडतो. उद्या कुणीही येईल.”

“येऊ दे की! आपणही असेच ‘कुणीही’ होतो. त्यांच्या छपराखाली अकरा वर्षं बोंबलून आरत्या म्हटल्या आपण. क्रूसावर चादर घातली. चादरही त्यांचीच होती!”

“तो काळ वेगळा होता,” डॉक्टर म्हणाले.

“काय वेगळं होतं?”

डॉक्टरांनी छताकडे बघितलं. वेगळं एवढंच होतं की तेव्हा मागणारे आम्ही होतो, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण आमच्या मंडळात ठाऊक असलेली गोष्ट बोलणं म्हणजे वाईटपणा. किचनच्या बाई मांडीवरचा रुमाल घड्या घालून उलगडू लागल्या.

अशा वेळी अध्यक्ष तोडगा काढतात. माझ्या नवऱ्यानं आयुष्यभर पूल बांधले, पण दोन्ही काठांना न टेकणारा पूल त्यानं इथेच बांधला. म्हणाला, “प्रार्थना करायला आपली हरकत नाहीच. धर्मस्वातंत्र्य म्हणजे धर्मस्वातंत्र्य. फक्त ती त्यांनी मनातल्या मनात करावी. देवाला काय, ऐकू येतंच.” सगळ्यांचे चेहरे उजळले. ठराव इंग्रजीत टाइप झाला, प्रार्थना मूकपणे करावी ही नम्र विनंती. मग हात वर करायचे. आमच्या मंडळात प्रत्येक ठराव एकमतानं होतो, ज्याचं एकमत नसेल त्यानं तेवढ्यात चहा बघायला जायचं, अशी पहिल्यापासूनची रीत आहे.

मी चहा बघायला गेले नाही. मी हात वर केला.

का केला, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. भांडले असते तर हॉलच गेला असता, म्हातारी मंडळी थंडीत राहिली असती, असं मी लेकीला सांगितलं. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं हे, की चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडायचं माझ्या जिवावर आलं. त्या तरुणाला, त्या डॉक्टरांना, किचनच्या बाईंना मला पुढच्या रविवारीही भेटायचं होतं. चाळीस वर्षं याच माणसांत काढली, माझ्या मुलीचं बारसं त्यांनी केलं, माझ्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर डबे त्यांनी पोचवले. आपल्या माणसांत वाईट व्हायला जी हिंमत लागते, ती माझ्यात नाही. जीभ आहे, हिंमत नाही. घरी गाडीत नवरा म्हणाला, “बघ, निघाला की नाही मार्ग?” मी म्हटलं, “अहो, गाडी बघून चालवा.”

पत्र द्यायला मी तिच्या घरी गेले. तिनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मी सोफ्याच्या कडेवर बसून आमच्या लोकांची बाजू मांडत होते, किती तरुण आहेत, किती हळवे आहेत, देश सोडून आलेल्या माणसाला धर्म कसा जास्तच घट्ट धरावासा वाटतो, असं काहीबाही. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “हनी, आमच्यातले निम्मे मनातच म्हणतात. उरलेल्या निम्म्यांना तसंही ऐकू येत नाही.” आणि हसली. तिनं माझी सुटका केली, आणि मी ती करून घेतली.

थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी पहाटे बर्फ पडून गेलं होतं. बाराच्या सुमारास त्यांच्या गाड्या आल्या. चाळीस म्हातारी माणसं दारात उभी राहून बूट काढत होती. बुटांच्या नाड्यांपर्यंत हात पोचत नाहीत अशी ती वयं. एकमेकांच्या खांद्याला धरून, भिंतीला टेकून, एकमेकांचे बूट ओढून काढत तो कार्यक्रम अर्धा तास चालला. मी खाली बसून चार-पाच जणांच्या नाड्या सोडल्या. तिच्या वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू लावलेले होते, तेही तिनं ओल्या फडक्यानं पुसून घेतले. एका आजोबांच्या मोज्यांवर टर्कीची चित्रं होती. किचनच्या बाईंनी ती पाहिली, पण त्याबद्दल ठरावात काही नव्हतं.

कमिटी हजर होतीच, मदतीला म्हणून. नवरा जाकीट घालून, तरुण सभासद फोन हातात घेऊन, डॉक्टर घड्याळ बघत, कारण घरी त्यांचं पातेलं वाट बघत होतं. सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मदत काय करणार होते देव जाणे. ते कान देऊन उभे होते.

ताटं वाढून झाली. मंडळी टेबलांभोवती उभी राहिली, एकमेकांचे हात धरले, माना खाली घातल्या. कुणी एक शब्द बोललं नाही. एवढी माणसं आणि आवाज फक्त हीटरचा. काहींचे ओठ हलत होते. मी आयुष्यात पुष्कळ शांत खोल्या पाहिल्या आहेत, माझा धंदाच तो होता, पण त्या खोल्यांतली माणसं गप्प बसायला कबूल होऊन आलेली नव्हती. शेवटी टर्कीच्या मोज्यांचे आजोबा सवयीनं मोठ्यानं म्हणाले, “आमेन.” म्हणाले आणि घाबरून तोंडावर हात ठेवला, वर्गात पकडलेल्या मुलानं ठेवावा तसा. तरुण सभासदानं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं न ऐकल्यासारखं केलं आणि त्याबद्दल त्याला स्वतःचं कौतुकही वाटलं, ते मला चेहऱ्यावर दिसलं. नव्वदीला आलेल्या माणसाला देवाचं नाव घेऊन दचकताना मी पाहिलं, ते आमच्या मंदिरात. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

जेवणं झाली. बिनअंड्याचा पाय सगळ्यांनी संपवला. मग ती वॉकर धरून उठली आणि हळूहळू भिंतीकडे, आमच्या कमिटीसमोर आली.

“मला एक विचारायचं आहे,” ती म्हणाली. “आम्हांला आभार मानायचे आहेत. देवाचे नाही, तुमचे. ते मोठ्यानं चालेल का?”

मी तिच्या आवाजात टोमणा शोधला. शपथेवर सांगते, जीव तोडून शोधला, कारण टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं की चालेल की नाही, आणि नियम मोडायचा नव्हता, म्हणून ती विचारत होती.

मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. छे! नवऱ्याचा चेहरा खुलला. “शुअर, शुअर! व्हाय नॉट?” लगबगीनं जाऊन त्यानं स्वतः माइक आणला, “हॅलो, हॅलो, चेक” करून बघितला, तिच्या उंचीला स्टँड खाली केला. तरुण सभासद न्यूजलेटरसाठी व्हिडिओ घ्यायला पुढे सरसावला. डॉक्टरांनी घड्याळ बघायचं थांबवलं. आणि मंदिराच्या स्पीकरवरून, सगळ्या हॉलला नीट ऐकू जाईल असं, ती आमचे आभार मानू लागली. ऊबदार खोलीबद्दल, पायांखालच्या मऊ गालिच्याबद्दल, नवा पाय शिकवल्याबद्दल, आणि “आम्हांला इथे येऊ दिलंत” याबद्दल.

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.